नखांच्या कडेला दिसणारे फुफ्फुस

करोनाच्या पहिल्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यभर सुरू झाली आणि पल्स ऑक्सिमीटर नावाचे चिमट्यासारखे यंत्र घरोघरी फिरणाऱ्या पथकांच्या हाती आले. तोवर ते शस्त्रक्रियागृहात नाहीतर अतिदक्षता विभागातच दिसायचे. आता हिंगोली जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवरची आजीही ‘ऑक्सिजन किती आला?’ असे विचारते. पण काही मोजक्या रुग्णांच्या बोटाला हा चिमटा लावला की आकडा येतच नाही. किंवा आधी ८२ येतो आणि पुन्हा लावल्यावर ९४. मग सेल बदलले जातात, यंत्र बदलले जाते, बोट चोळून पुन्हा पाहिले जाते. दोष बहुतेक वेळा यंत्राचा नसतो. हे यंत्र बोटातल्या रक्ताच्या ठोक्यावर चालते आणि या माणसांच्या बोटांत तेवढे रक्तच पोचत नसते.

कडाक्याच्या थंडीने, रक्तदाब फार उतरल्याने किंवा नखांवरच्या रंगानेही असे घडू शकते. पण बोटे वारंवार अशी गार आणि निर्जीव पडत असतील, तर ‘सिस्टेमिक स्क्लेरोसिस’ या आजाराची आठवण व्हायला हवी. जुने नाव स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी कठीण होणे. हे जुने नाव थोडे फसवे आहे. त्यामुळे रुग्णालाही आणि डॉक्टरलाही हा कातडीचा आजार वाटतो. खरे पाहता यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ऊतींवर उलटते, सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते आणि मग कातडीत, अन्ननलिकेत, फुफ्फुसात, हृदयात व्रणासारखे घट्ट तंतू साचत जातात. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार कितीतरी अधिक आढळतो आणि तोही बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे घर आणि शेत दोन्ही जिच्या हातावर चालते त्या वयात. हे रुग्ण दगावतात ते कातडीमुळे नव्हे. मूत्रपिंडाच्या अचानक बिघाडावर औषधे सापडल्यापासून या आजारातल्या मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण फुफ्फुस हेच राहिले आहे.

सुरुवात मात्र बोटांपासून होते. गार पाण्यात भांडी घासताना, पहाटे दव असताना कापूस वेचताना बोटे आधी पांढरी पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाली की लाल होऊन ठणकतात. फ्रान्सच्या मॉरिस रेनॉ या डॉक्टरने १८६२ साली आपल्या प्रबंधात याचे वर्णन केले. त्याचेच नाव या लक्षणाला मिळाले. सावळ्या हातावर हा पांढरेपणा पाठीमागून नीट दिसत नाही. तळव्याच्या बाजूने आणि नखांखाली पाहावे लागते. रुग्णही ‘बोटे पांढरी होतात’ असे क्वचितच सांगते. ‘हात मरून जातात’, ‘मुंग्या येतात’, ‘बोटे कामच करीत नाहीत’ असे म्हणते. आणि एवढ्या तक्रारीवर तिला बहुधा बी-जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळतात.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. थंडीत बोटे पांढरी पडणाऱ्या बहुतेकांना हा आजार नसतो. शेकड्यातल्या तीन ते पाच जणांना, विशेषतः तरुण मुलींना, नुसता रेनॉचा त्रास असतो. तो आयुष्यभर राहिला तरी आतल्या अवयवांना धक्का लावत नाही. प्रश्न आहे तो शंभरातले हे निरुपद्रवी कोण आणि ज्याच्याकडे लक्ष ठेवायला हवे तो कोण, हे वेगळे काढण्याचा. त्याचे उत्तर नखाच्या मुळाशी मिळते.

शरीरात सगळीकडे केशवाहिन्या, म्हणजे केसाहूनही बारीक रक्तवाहिन्या, कातडीला काटकोनात उभ्या असतात. वरून पाहिले तर त्यांचा नुसता ठिपका दिसेल. नखाच्या मुळाशी जी कातडीची कड असते, तिथे मात्र त्या आडव्या पडलेल्या असतात. तेलाचा एक थेंब टाकून भिंगाखाली पाहिले तर केसांच्या आकड्यासारख्या वळलेल्या त्यांच्या ओळी दिसतात. निरोगी माणसात एका मिलिमीटरमध्ये अशा साधारण सात ते दहा वेलांट्या नीट रांगेत असतात. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये आधी त्यांतल्या काही फुगतात. टोकाची रुंदी ५० मायक्रॉनच्या पुढे गेली तर तिला महाकाय केशवाहिनी म्हणतात. बारीक रक्तस्राव दिसतात. पुढे रांगेत खिंडारे पडू लागतात, वेलांट्या नाहीशा होतात आणि शेवटी मोकळ्या जागेत झुडपासारख्या वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या फुटतात. इटलीच्या मॉरिझिओ कुतोलो यांनी २००० साली या बदलांचे आरंभीचा, सक्रिय आणि उशिराचा असे तीन टप्पे मांडले. जगभर तीच भाषा वापरली जाते. २०१३ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी या आजाराचे निकष नव्याने ठरवले, तेव्हा नखाच्या कडेच्या या बदलांना त्यांत अधिकृत जागा मिळाली.

पण बोटाच्या टोकावरच्या वाहिन्यांवरून छातीतले काय कळणार? याचे उत्तर देताना डेन्मार्कमधल्या एका जोडप्याची आठवण होते. ऑगस्ट क्रोघ यांना १९२० साली नोबेल पारितोषिक मिळाले ते केशवाहिन्यांच्या कामासाठी: स्नायूला गरज पडेल तशा या वाहिन्या कशा उघडतात आणि मिटतात, हे त्यांनी दाखवले. त्यांच्या पत्नी मारी क्रोघ स्वतः डॉक्टर. फुफ्फुसातून रक्तात वायू किती वेगाने झिरपतो, हे माणसात कसे मोजायचे याची रीत त्यांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध केली. कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला घट्ट चिकटतो; म्हणून त्याची अगदी थोडी मात्रा श्वासातून दिली आणि परत किती आला हे पाहिले, तर मधला पडदा आणि त्यापलीकडचे रक्त कसे काम करते आहे याचा अंदाज येतो. आजची ‘डीएलसीओ’ नावाची तपासणी याच कल्पनेची वंशज आहे. नवऱ्याने केशवाहिन्या पाहिल्या, बायकोने फुफ्फुसातला वायूचा प्रवास मोजला. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये शंभर वर्षांनी ही दोन्ही कामे एकाच रुग्णाच्या कागदांवर शेजारी शेजारी येतात.

याचे कारण साधे आहे. फुफ्फुस म्हणजे हवेच्या कोट्यवधी फुग्यांभोवती विणलेले केशवाहिन्यांचे जाळेच. या आजारात त्यावर दोन वाटांनी घाला येतो. पहिली वाट तंतूंची: फुग्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, फुफ्फुस आक्रसते, छाती पूर्ण भरत नाही. दुसरी वाट वाहिन्यांची: फुफ्फुसातल्या धमन्या आतून अरुंद होत जातात, हृदयाच्या उजव्या बाजूला जोर लावून रक्त ढकलावे लागते आणि ती बाजू थकते. पहिल्या वाटेने निम्म्याहून अधिक रुग्ण कमीअधिक प्रमाणात जातात. दुसऱ्या वाटेने साधारण दहातला एक. बाहेरून दोन्हींचे लक्षण एकच: दम लागणे.

फुफ्फुसाची क्षमता मोजणारे दोन आकडे या दोन वाटा वेगळ्या करून दाखवतात. पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडलेली एकूण हवा, म्हणजे ‘एफव्हीसी’. आणि वायू झिरपण्याची क्षमता, म्हणजे डीएलसीओ. तंतू वाढले तर दोन्ही घसरतात. वाहिन्या अरुंद झाल्या तर एफव्हीसी जवळपास जागेवर आणि डीएलसीओ मात्र खाली. समजा एखादीची एफव्हीसी अपेक्षेच्या ८० टक्के आहे आणि डीएलसीओ ४५ टक्के. भागाकार जवळपास १.८ येतो. हा भागाकार १.६ च्या वर गेला की फुफ्फुसातल्या धमन्यांचा दाब वाढला असण्याची शंका घेऊन हृदयाची टू-डी इको तपासणी लगेच करावी, असे तज्ज्ञ मानतात. पक्के निदान मात्र हृदयाच्या उजव्या बाजूत नळी घालूनच होते.

नखांच्या कडेची खिंडारे आणि डीएलसीओची घसरण एकत्र चालतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. ज्यांच्या बोटांतल्या केशवाहिन्या जास्त नष्ट झाल्या त्यांच्यात फुफ्फुसाच्या धमन्यांचा आजार आणि फुफ्फुसाचा तंतुमय आजार अधिक सापडतो. म्हणून कोणी असे समजू नये की भिंगाने नख पाहिले आणि फुफ्फुसाची तपासणी झाली. हा संबंध गटांचा आहे, एकेका रुग्णाचा नव्हे. नखे बरी दिसत असूनही फुफ्फुस बिघडलेले रुग्ण असतात आणि उलटेही. नखाची कड एवढेच सांगते की या माणसाला नजरेआड करू नका. मात्र ते ती फार लवकर आणि फार स्वस्तात सांगते, आणि जिल्हा पातळीवर खरे मोल त्याचेच आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पाच तालुके, २०११ च्या जनगणनेत ११ लाख ७७ हजार लोक. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर या आजाराचे प्रमाण लाखामागे सतरा-अठराच्या आसपास येते. आशियातल्या पाहण्यांत ते त्याहून कमी दिसते. लाखामागे दहा धरले तरी एकट्या या जिल्ह्यात शंभराच्या वर रुग्ण असायला हवेत. ही मोजणी नव्हे, पाटीवरचा हिशेब आहे. पण त्यावरून एवढे कळते की हा ‘पुस्तकातला आजार’ नाही. हे शंभर जण आज कुठल्या नावाने औषध घेत असतील, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

काही जण क्षयरोगाच्या नावाने घेत असतील. महिनोन् महिने कोरडा खोकला, घटलेले वजन, धाप आणि छातीच्या फोटोत डाग, एवढे जुळले की आपल्याकडे मन आधी क्षयरोगाकडे धावते, आणि त्यात गैर काही नाही. तो आजारच इतका पसरलेला आहे. फरक फोटोत थोडा असतो: क्षयरोग बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात घर करतो, हा आजार दोन्ही बाजूंना तळाशी. पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवला तर खोल श्वासाच्या शेवटी चपलेचा वेल्क्रो पट्टा हळूच उघडावा तसा आवाज येतो. थुंकीची तपासणी पुन्हा पुन्हा निर्दोष येत असेल आणि सहा महिन्यांच्या गोळ्यांनी काही फरक पडला नसेल, तर कोणीतरी त्या रुग्णाची बोटे पाहायला हवीत. उलट बाजूही लक्षात ठेवावी. सिस्टेमिक स्क्लेरोसिसची औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. ती सुरू करण्याआधी दडलेला क्षयरोग नाही ना, याची खात्री करावीच लागते.

दुसरा गोंधळ कुष्ठरोगाशी होतो. बोटांच्या टोकांवर जखमा, बोटे आखडलेली, टोके झिजून आखूड झालेली असे हात पाहिले की ग्रामीण भागात दुसरे नाव सुचत नाही. त्या नावाबरोबर घरातले ताट-वाटी वेगळे होण्याचा धोका अजूनही आहे. खूण सोपी आहे. कुष्ठरोगात बधिरपणा येतो, जखम दुखत नाही. विस्तवाचा चटका बसला तरी कळत नाही. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमधली बोटाच्या टोकावरची जखम असह्य ठणकते, रात्रीची झोप घालवते.

आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो तपासणी-तक्ता भरतात, त्यात जाड झालेली कातडी, तळहात-तळपायांवर पुन्हा पुन्हा होणाऱ्या जखमा, मुंग्या, बोटांनी वस्तू धरायला होणारा त्रास हे प्रश्न आहेतच. दम लागतो का, हेही आहे. कातडीचे आणि हातांचे प्रश्न कुष्ठरोग डोळ्यापुढे ठेवून घातलेले आहेत. ‘थंडीत बोटांचा रंग बदलतो का?’ एवढा एकच प्रश्न त्यांना जोडला, तर तोच तक्ता या आजारासाठीही चालेल. नवी मोहीम नको, नवी वही नको. आशाताईंच्या डोक्यावर आधीच इतक्या वह्या आहेत की आणखी एक देण्याची सूचना करताना कोणालाही संकोच वाटावा. कुष्ठरोग नाही असे ठरलेल्या व्यक्तीला ‘मग काही नाही, जा’ असे सांगून परत पाठवू नये, इतकेच अपेक्षित आहे.

आणि हे हिवाळ्यात व्हावे. जागतिक स्क्लेरोडर्मा दिन २९ जूनला असतो. १९४० साली याच तारखेला पॉल क्ले हा चित्रकार वारला, त्याला हा आजार असावा असे मानतात. युरोपला ती तारीख ठीक आहे. आपल्याकडे तेव्हा पेरणीची धांदल, हवा दमट आणि बोटांची तक्रार वर्षात सर्वांत कमी. मार्गशीर्ष-पौषात, कापसाची वेचणी आणि पुढे हळदीची काढणी चालू असताना विचारले, तर उत्तर चटकन मिळेल.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोली एक. नव्या महाविद्यालयाबद्दलची चर्चा इमारत, जागा आणि प्राध्यापकांच्या रिकाम्या पदांभोवती फिरते, आणि ती रास्तच आहे. पण आजवर जिल्ह्यात जे एकत्र नव्हते ते आता एका आवारात येऊ शकते: मेडिसिनचा डॉक्टर, त्वचारोगाचा डॉक्टर, छातीचा डॉक्टर आणि क्ष-किरण विभाग. सिस्टेमिक स्क्लेरोसिसला नेमके हेच चार जण लागतात, आणि ते चौघे एकमेकांशी बोलणारे लागतात.

नखाची कड पाहायला दोनशे पट मोठे दाखवणारे खास व्हिडिओ यंत्र असते. ते महाग आहे. पण त्वचारोग विभागात डर्माटोस्कोप नावाचे हातात धरायचे दहा पटींचे भिंग असतेच. महाकाय केशवाहिन्या आणि मोठी खिंडारे त्यातून ओळखता येतात. डोळ्यांचा पडदा पाहायचा ऑफ्थाल्मोस्कोपही, योग्य भिंगावर ठेवून, तेलाच्या थेंबासह हे काम करतो. डर्माटोस्कोपला मोबाइल लावून काढलेला फोटो ई-संजीवनीसारख्या दूरवैद्यकीय सेवेतून दूरच्या तज्ज्ञाला दाखवता येईल. आपल्याकडच्या काही अडचणी खऱ्या आहेत. सावळ्या कातडीतून वाहिन्या कमी स्पष्ट दिसतात. शेतात राबणाऱ्या हातांची नखांजवळची कातडी चिरलेली असते, हळदीच्या दिवसांत तर बोटे पाहूच नयेत अशी. म्हणून डाव्या हाताची, डावखुऱ्याची उजव्या हाताची, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आधी पाहावे. तिथली कातडी त्यातल्या त्यात पारदर्शक असते. याच जिल्ह्यात औंढ्याजवळ प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढी हालचाल टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहायची आहे. तिथे ५० मायक्रॉनची केशवाहिनी पाहणे जमणार नाही, असे म्हणणे शोभणार नाही.

फुफ्फुसाच्या चाचण्यांची गोष्ट थोडी अवघड आहे. साधी स्पायरोमेट्री, म्हणजे एफव्हीसी मोजणे, जिल्हा पातळीवर होऊ शकते. डीएलसीओचे यंत्र सहसा मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत असते. सेनगावच्या बाईला त्यासाठी नांदेड गाठायचे तर अख्खा दिवस जातो. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. बुडालेल्या रोजाला अर्धे तिकीट नसते. आणि ही चाचणी एकदा करून भागत नाही. फुफ्फुसाची सर्वाधिक घसरण आजाराच्या पहिल्या तीन-चार वर्षांत होते. त्या काळात ती दर चार-सहा महिन्यांनी करावी लागते.

या आकड्यांचा अर्थ लावतानाही सावधपणा हवा. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक रक्तक्षयाच्या आहेत, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. डीएलसीओची चाचणी हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. रक्तच कमी असेल तर फुफ्फुस ठीक असूनही आकडा खाली येतो. त्याच दिवशी हिमोग्लोबिन पाहून आकडा दुरुस्त केला नाही, तर नसलेल्या आजाराची धास्ती घातली जाईल. दुसरीकडे, एफव्हीसी ८० टक्क्यांच्या वर म्हणजे सर्व ठीक, हा समजही घातक आहे. जिची मूळची एफव्हीसी ११२ टक्के होती ती ८४ वर आली, तर तिने फुफ्फुसाची पाव क्षमता गमावली. कागदावर मात्र ‘नॉर्मल’ छापून येते. म्हणूनच निदान झाल्याबरोबर एकदा तरी एचआरसीटी करावे, असे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संधिवात आणि छातीरोगाच्या संघटनांनी मिळून सांगितले. करोनामुळे एचआरसीटी हा शब्द घरोघर पोचला आहे. पण इथे स्कोअर पाहायचा नसून तळाशी तंतू साचू लागले आहेत का, ते पाहायचे असते. साध्या एक्स-रेवर विसंबू नये, हेही त्याच शिफारशींत आहे.

इतके लवकर शोधून करायचे काय? वीस वर्षांपूर्वी या प्रश्नाला फार उत्तर नव्हते. २००६ मध्ये सायक्लोफॉस्फमाइडने फुफ्फुसाची घसरण थोडी थोपते असे अमेरिकेतल्या चाचणीत दिसले. २०१६ मध्ये मायकोफेनोलेट जवळपास तितकेच उपयोगी आणि सोसायला सोपे ठरले. आज पहिली पसंती त्यालाच आहे. २०१९ मध्ये निंटेडॅनिब या तंतुरोधक औषधाने घसरणीचा वेग कमी होतो हे सिद्ध झाले. भारतीय कंपन्याही ते बनवतात, तरी ते स्वस्त नाही. धमन्यांच्या दाबासाठी सिल्डेनाफिल, टाडालाफिल, बोसेंटान, अँब्रिसेंटान ही औषधे आहेत. यांतले कोणतेही औषध ताठ झालेले फुफ्फुस पुन्हा मऊ करीत नाही. उरलेले वाचवता येते. लवकर शोधण्याचा सगळा खटाटोप त्या उरलेल्यासाठी आहे. यांतली बरीच औषधे, मायकोफेनोलेट आणि बोसेंटान तर नक्कीच, गर्भाला घातक असतात. तरुण रुग्णाशी हे मोकळेपणी बोलून, गर्भनिरोधनाची सोय करूनच ती द्यावी लागतात. सासू शेजारी बसलेली असताना हे बोलणे होत नाही, हे ओपीडीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

एका औषधाबद्दल मात्र जपून राहायला हवे. हात सुजले, सांधे दुखले की गावोगाव स्टेरॉइडची सुई दिली जाते. दोन दिवस बरे वाटते, म्हणून पुन्हा दिली जाते. सिस्टेमिक स्क्लेरोसिसमध्ये दिवसाला १५ मिलिग्रॅमहून अधिक प्रेडनिसोलोन, किंवा त्याच ताकदीचे दुसरे स्टेरॉइड, मूत्रपिंडांचा अचानक घात होण्याचा धोका वाढवते: रक्तदाब एकाएकी चढतो, लघवी कमी होते. फुफ्फुसातल्या तंतूंसाठीही पहिला उपचार म्हणून स्टेरॉइड देऊ नये, असे २०२३ च्या शिफारशी ठामपणे सांगतात. तंबाखूचेही तसेच. विडी पुरुषांची म्हणून सोडून दिली, तरी मिसरी आणि गुटखा बायकांच्या हातात आहे, आणि निकोटिन आधीच आकसलेल्या वाहिन्या आणखी आवळते. चुलीचा धूर वेगळाच. हातमोजे, कोमट पाणी, अंगभर ऊब, रात्री उशाकडची बाजू उंच करून झोपणे, हे बिनपैशाचे उपाय औषधांइतकेच महत्त्वाचे आहेत. छातीत जळजळ आणि आंबट पाणी वर येणे हे या आजारात नेहमीचे, आणि ते पाणी श्वासनलिकेत उतरले तर फुफ्फुसाला आणखी इजा करते.

उरतो पैशाचा प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता उत्पन्नाची अट न लावता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ही मोठीच गोष्ट आहे. पण योजनेचा सांगाडा मुख्यतः भरती रुग्णाच्या उपचारांभोवती उभा आहे: शस्त्रक्रिया, अतिदक्षता, हृदयाच्या नळ्या. सिस्टेमिक स्क्लेरोसिसच्या रुग्णाला पहिली अनेक वर्षे खाटेची गरजच नसते. तिला हव्या असतात रोजच्या गोळ्या, वर्षातून दोन-तीनदा फुफ्फुसाची चाचणी आणि वर्षाला एक इको. हे न मिळाल्यामुळे जेव्हा ती ऑक्सिजनवर भरती होते, तेव्हा योजना तिच्यासाठी उघडते. डायलिसिससाठी ठरावीक दिवशी येऊन परत जाणाऱ्या रुग्णाची सोय योजनेत बसवता आली. तशीच दीर्घकालीन फुफ्फुस आजारांच्या तपासण्यांची आणि औषधांची सोय बसवणे अशक्य नाही. आणि शंभर-सव्वाशे रुग्णांच्या जिल्ह्यात त्याने तिजोरी रिकामी होणार नाही.

तोवर जिल्ह्यात एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते. या रुग्णांच्या बाबतीत आजचा आकडा महत्त्वाचा नसतो, मागच्या आकड्याशी त्याची तुलना महत्त्वाची असते. मागचा कागद मात्र कधी दुसऱ्या शहरात राहिलेला असतो, कधी पावसात भिजलेला असतो, कधी ‘नॉर्मल आहे’ म्हणून फेकलेला असतो. पहिल्याच भेटीत एक साधी वही करून तिच्यात तारीख, वजन, हिमोग्लोबिन, एफव्हीसी, डीएलसीओ आणि नखांच्या कडेचा फोटो, इतक्या नोंदी करून ती रुग्णाच्याच हाती द्यावी. नांदेडला जाताना ती वही सोबत न्यावी, आणि तिथल्या डॉक्टरने आपले आकडे तिच्यातच, आधीच्या ओळीच्या खाली लिहावेत.